लाल गोल

गोल काढला तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या फ्रेंचच्या गठ्ठ्यातला तिसावा-बत्तिसावा पेपर असेल. त्या टप्प्यावर डोळे वाचत नाहीत, धान्यातले खडे वेचावेत तशा नुसत्या चुका वेचतात. हात आपोआप चालत असतो, पेनातली लाल शाई संपत आली की तेवढंच काय ते जाणवतं. ‘माझी मैत्रीण’ या विषयावर दहा-बारा ओळी लिहायच्या होत्या, आकडे अक्षरांत लिहायची अट होती, आणि एका ओळीत एक साल आलं होतं: ‘मिल नफ साँ नोनांत-कात्र’. मी ‘नोनांत-कात्र’भोवती गोल काढला, समासात ‘कात्र-व्हँ-कातॉर्झ’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पान उलटलं.

पेपर दाखवायच्या दिवशी ती मुलगी टेबलापाशी आली. गुणांसाठी हुज्जत घालणारी मुलं वेगळी असतात, ती आधी बेरीज तपासतात. हिने फक्त त्या गोलावर बोट ठेवलं. “मॅम, नोनांत चूक आहे का? माझी रूममेट असंच म्हणते. ती रवांडाची आहे, तिच्या आईला चांगलं फ्रेंच येतं.” मी म्हटलं, “अगं, फ्रान्समध्ये तसं नाही म्हणत.” ती जरा थांबली आणि म्हणाली, “पण पेपर फ्रेंचचा आहे ना?” उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि “पुढच्या तासाला बघू” म्हणून मोकळी झाले. शिक्षकाकडे उत्तर नसलं की पुढचा तास फार उपयोगी पडतो.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

फ्रेंच आकड्यांचं प्रकरण ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. एकोणसत्तरपर्यंत सगळं सरळ चालतं. मग सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. नव्याण्णव म्हणायचं तर ‘चार-वीस-दहा-नऊ’. समोरचा फोन नंबर सांगू लागला की आपण चार लिहितो, ते खोडून ऐंशी करतो, तेही खोडतो, आणि तोवर पुढचे आकडे निघून गेलेले असतात. विसा-विसाने मोजायची ही जुनी खोड आहे. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने पॅरिसमध्ये अंधांसाठी जी संस्था काढली, तिथे तीनशे जणांची सोय होती, म्हणून तिचं नाव ‘कँझ-व्हँ’, पंधरा-वीस. आज ते डोळ्यांचं रुग्णालय आहे आणि नाव तेच आहे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या लोकांनी मात्र स्वतःला या हिशेबातून सोडवून घेतलंय. सत्तरला सेप्तांत, नव्वदला नोनांत. लॅटिनमधून सरळ चालत आलेले शब्द. स्वित्झर्लंडच्या व्होसारख्या काही प्रांतांत तर ऐंशीलाही उइतांत म्हणतात. आणि जिथे जिथे बेल्जियमने राज्य केलं त्या काँगो, रवांडा, बुरुंडीत हेच आकडे रुजले. व्युत्पत्ती बघा, इतिहास बघा, नुसती सोय बघा, नोनांतमध्ये कुठे खोट काढता येत नाही. तो पॅरिसचा नाही, एवढाच त्याचा गुन्हा. (आपणही फार हसू नये. ज्या भाषेत एकोणनव्वद म्हणजे ‘एकाने कमी नव्वद’ आणि जिथे सत्त्याहत्तर-सत्त्याऐंशी-सत्त्याण्णव म्हणताना मोठी माणसंही मनातल्या मनात पाढा म्हणून घेतात, त्या भाषेने दुसऱ्याच्या आकड्यांना नावं ठेवणं बरं दिसत नाही.)

माझ्या टेबलावर डाव्या हाताला एक जाडजूड व्याकरण असतं, ‘ल बोन्युझाज’. नावाचा अर्थच ‘योग्य वापर’. शंका आली की त्यात बघायचं, आणि त्यात सापडलं की वाद संपला. आम्ही शिक्षक त्याला पुस्तकाच्या नावाने ओळखतच नाही, नुसतं ‘ग्रेविस’ म्हणतो, कर्त्याच्या आडनावाने. १९३६ साली हे व्याकरण काढणारे मोरीस ग्रेविस बेल्जियमचे. जगभरच्या मास्तरांच्या हाती शुद्ध फ्रेंचची काठी देणारा माणूस नव्वदला नोनांत म्हणणाऱ्या देशातला! पुस्तक मी वर्षानुवर्षं वापरतेय, ग्रेविस कुठले हेही माहीत होतं, पण या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती.

मी फ्रेंच शिकले ती घाबरत घाबरत. विद्यापीठात पहिल्या वर्षाला उच्चारांचा वेगळा तास असायचा आणि त्याला प्रत्येकाने छोटा आरसा आणायचा. ‘त्यू’मधला स्वर काढायचा तर जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे करायचे. आरशात स्वतःचं तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं दिसायचं आणि शेजारणीच्या आरशात आपली नजर गेली की संपलंच. नाकातल्या स्वरांशी माझं जमलं. अडलं ते र पाशी. आपला र जिभेच्या टोकावरचा, टाळूला टकटक करून परत येणारा. त्यांचा र पार आत, पडजिभेपाशी, गुळणी करताना होतो तसा. दोन वर्षं मी रोज सकाळी तोंडात पाणी घेऊन र घासला. आधी पाण्याचा र, मग पाणी थुंकून कोरडा र. घसा बसायचा. घरचे विचारायचे, “पुन्हा सर्दी?” एके दिवशी वाचन करताना ‘पारी’, म्हणजे पॅरिस, म्हटलं आणि तो अचानक जागच्या जागी बसला. बाईंनी पुस्तकातून मान वर केली आणि “व्वाला” म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी आणखी दोन वर्षं गुळण्या केल्या असत्या.

आमच्या पाठ्यपुस्तकातली सगळी माणसं पॅरिसमध्ये राहायची. काखेत बागेत घेऊन (ब्रेडचा तो लांब दांडका, ‘बागेत’वरचा विनोद पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात होतो, मी शिक्षक झाल्यावरही दरवर्षी होतो) मेट्रोत चढायची, रविवारी संग्रहालयात जायची, ऑगस्टमध्ये समुद्रावर. त्यांना कधी घरभाडं देताना पाहिलं नाही. पुस्तकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक नकाशा होता. त्यात फ्रेंच जिथे जिथे बोलली जाते ते देश-प्रदेश जांभळे केलेले: कॅनडातलं केबेक, हैती, मार्तिनिक, आफ्रिकेचा केवढा तरी पश्चिम आणि मधला पट्टा, मादागास्कर, अगदी कोपऱ्यात न्यू कॅलेडोनिया. हे पान सत्राच्या शेवटच्या आठवड्यात यायचं आणि ‘स्वतः वाचा’ म्हणून सुटायचं. त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे कुणी वाचतही नसे. फ्रँकोफोनी या फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या संघटनेच्या २०२२च्या अहवालात फ्रेंच बोलणाऱ्यांचा आकडा ३२ कोटी १० लाख आहे, आणि रोजच्या व्यवहारात ती वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आफ्रिकेत आहेत. म्हणजे आमच्या पुस्तकातली पहिली दीडशे पानं थोड्यांविषयी होती आणि शेवटून दुसरं पान पुष्कळांविषयी.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी ‘फ्रँकोफोन साहित्य आणि संस्कृती’ हा वैकल्पिक पेपर होता. दुपारी अडीचचा तास, आठ जण. हुशार म्हणून नावाजलेले सगळे अठराव्या शतकाकडे गेले होते. मीही काही थोर विचार करून इकडे आले नव्हते, अडीचचा तास मला बसच्या वेळेला सोयीचा होता. शिकवायला एका वर्षासाठी सेनेगलहून बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली, खिडकी उघडली, फळा पुसला आणि बोलायला लागल्या. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मला सगळं समजतंय. शब्द न् शब्द. फ्रेंच सिनेमे पाहताना, बातम्या ऐकताना मी कायम अर्ध्या वाक्याने मागे असायची, आणि इथे मी बाईंच्या बरोबरीने चालत होते. कारण त्यांचा र. जिभेच्या टोकावरचा, खणखणीत, नाणं फरशीवर पडावं तसा. ‘लितेरात्यूर’मधले दोन्ही र मोजून घ्यावेत. जो र घालवायला मी दोन वर्षं घसा खरवडला होता तो या बाईंच्या तोंडी सुखाने नांदत होता, आणि त्यांचं फ्रेंच आमच्या विभागातल्या कुणाहीपेक्षा वरचढ होतं. ज्या सब्जाँक्तिफपुढे, क्रियापदाच्या त्या अवघड रूपापुढे, आम्ही एम.ए.लाही ठेचकाळायचो तो त्या सहज वापरायच्या, एखाद्याने चष्मा कपाळावर सरकवावा तितक्या सहज.

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. मला कुणीतरी फसवलंय असं वाटलं, आणि कुणावर चिडावं ते कळेना. त्यातही, हे लिहायला आजसुद्धा जड जातं, मनाच्या एका कोपऱ्यात असंही येऊन गेलं की उच्चार जरा गावठीच आहेत. हे कुठून आलं? मला पॅरिस माहीत नव्हतं, सेनेगलचं डाकार माहीत नव्हतं. माहीत होता तो फक्त उच्चाराच्या बाईंचा “व्वाला”. पुढे भाषेचा इतिहास वाचताना कळलं की सतराव्या शतकापर्यंत खुद्द पॅरिसमध्येही र जिभेवरचाच होता. घशातला र नंतर शहरातून पसरला, आणि बर्गंडीसारख्या भागात जुना र विसाव्या शतकातही खेड्यापाड्यांतून ऐकू यायचा. गावठी कुणाला म्हणायचं तो प्रश्न तेव्हाच निकालात निघायला हवा होता. माझ्या बाबतीत निघाला नाही, हे परवा कळलं.

त्या बाईंनी आम्हाला सेनेगलमध्ये पेट्रोल पंपाला काय म्हणतात ते सांगितलं होतं: ‘एसाँसरी’. एसाँस म्हणजे पेट्रोल, आणि ‘-री’ तोच, जो बुलाँजरीत (पावाचं दुकान) असतो, एपीसरीत (वाणसामानाचं दुकान) असतो. फ्रान्सचा शब्द ‘स्तासियाँ-सेर्व्हिस’. “आता तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या, “यात जास्त फ्रेंच कोणता?” वर्गात आठही जण हसले. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘परीक्षेत वापरू नये’. ती वही अजून आहे माझ्याकडे.

कुरुमांची पहिली कादंबरी आम्ही त्याच वर्षी वाचली. आमादू कुरुमा आयव्हरी कोस्टचे, मातृभाषा मलिंके. ‘स्वातंत्र्यांचे सूर्य’ अशा अर्थाचं नाव असलेली ही कादंबरी फ्रान्समधल्या प्रकाशकांनी नाकारली होती. ती १९६८मध्ये निघाली मॉन्ट्रियलहून, विद्यापीठाच्या छापखान्यातून, आणि पॅरिसला तिची दखल घ्यायला १९७० उजाडलं. कारण तिची भाषा. पहिल्याच वाक्यात एक माणूस मेला आहे, पण तो ‘मेला’ असं लेखक म्हणत नाही, ‘संपला’ म्हणतो. मलिंकेत तसं म्हणतात म्हणून. फ्रेंचमध्ये काम संपतं, सिनेमा संपतो, माणूस संपत नाही. बाई या वाक्यापाशी थांबल्या, फळ्यावर ते क्रियापद लिहिलं, आणि हे फ्रेंच कानाला किती विचित्र लागतं ते समजावू लागल्या. मी मख्खासारखी बघत राहिले. मला त्यात विचित्र काहीच दिसेना. आपल्याकडे माणूस जातो, वारतो, आटोपतो, खपतो आणि संपतोही. मी हात वर करून तसं सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि मला तो शब्द मराठीत म्हणायला लावला. संपला. त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला, ‘सम-प-ला’, आणि मग म्हणाल्या की हे पुस्तक पॅरिसच्या वाचकापेक्षा तुला जवळ पडेल, तर तो तुझा फायदा आहे, लपवू नकोस. फ्रेंच शिकताना माझी मराठी आडवी येते असंच तोवर सगळ्यांनी सांगितलं होतं. ती कधी पुढे होऊन दार उघडेल असं कुणी बोललं नव्हतं.

आणि मग तो सँबोलचा तास. सँबोल म्हणजे खूण. वसाहतीच्या काळात पश्चिम आफ्रिकेतल्या शाळांत पोरगं आपल्या भाषेत बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात काहीतरी अडकवायचे, लाकडाचा तुकडा, हाड, जे असेल ते. त्याने ते घालून फिरायचं, आणि दुसरं कुणी आपल्या भाषेत बोलताना दिसलं की त्याच्या गळ्यात ढकलायचं. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात सापडेल त्याला शिक्षा. बाईंच्या वडिलांनी हे घातलेलं होतं. “ते म्हणायचे की लाकूड जड नव्हतं,” बाई म्हणाल्या, “पण दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं.” हीच तऱ्हा फ्रान्सच्या आत ब्रिटनीत आणि दक्षिणेत ऑक्सितान बोलणाऱ्या पोरांवर आधी चालवलेली होती. क्रांतीनंतर १७९४मध्ये आबे (पाद्री) ग्रेग्वार यांनी अहवाल दिला तेव्हा त्यांच्या हिशेबाने देशात शुद्ध फ्रेंच बोलणारे जेमतेम ३० लाख होते, आणि अहवालाच्या शीर्षकातच बोलींचं उच्चाटन होतं. म्हणजे आज ज्याला ‘फ्रान्समध्ये असं म्हणतात’ म्हणून आपण मान देतो, ते फ्रान्समध्येही पोरांच्या गळ्यात लाकडं बांधून म्हणवून घेतलेलं आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी नियमांवर उठले आहे. तसं अजिबात नाही. मला नियम आवडतात. दिक्ते, म्हणजे श्रुतलेखन, घेताना पंचवीस पेनं एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी सुटतात, त्या आवाजासारखं सुख नाही. कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर कृदंताने लिंगवचन बदलायचं, नंतर आलं तर नाही, हा नियम ज्याने कुणी घट्ट केला त्याच्यावर मी जीव टाकते, पोरं त्याला शिव्या घालत असली तरी. काहीही चालतं असं म्हणणाऱ्या शिक्षकाकडून मी एक आठवडाही शिकले नसते. आणि फ्रेंच ज्यांच्यावर लादली गेली त्यांतल्या कितीतरी जणांनी ती किती कसून, किती जिव्हाळ्याने शिकून घेतली तेही मी वाचलंय. सेंगोर सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी, आणि १९८३मध्ये आकादेमी फ्रांसेझ या फ्रेंच भाषेवर देखरेख करणाऱ्या संस्थेत निवडले गेलेले पहिले आफ्रिकी. व्याकरणात त्यांच्याशी वाद घालायची छाती फार थोड्यांची असेल. अल्जीरियाचे लेखक कातेब यासीन फ्रेंचला युद्धातली लूट म्हणायचे, आपण जिंकून आणलेली. लूट परत करायची नसते, आणि ती लुटली कशी तेही विसरायचं नसतं. अल्जीरियात एवढं फ्रेंच बोललं जातं, पण तो देश फ्रँकोफोनी संघटनेत कधी गेलाच नाही. ज्या नायजरच्या राजधानीत, नियामेत, १९७०मध्ये या संघटनेची पायाभरणी झाली, त्या नायजरने मार्च २०२५मध्ये माली आणि बुर्किना फासोसह बाहेर पडायचं जाहीर केलं. रवांडाने २००८मध्ये शाळांतून फ्रेंच बाजूला सारून इंग्रजी आणली आणि दहा वर्षांनी संघटनेच्या प्रमुखपदी रवांडाच्याच लुईझ मुशिकिवाबो आल्या. यात सरळ रेष शोधणाऱ्याने दुसरा विषय घ्यावा.

केंद्राला शहाणपण उशिरा सुचतं, एवढं मात्र खरं. मी कितीतरी वर्षं स्वतःची ओळख ‘मादाम ल प्रोफेसर’ अशी करून देत होते, बाई मी आणि पद पुल्लिंगी. केबेकने १९७९मध्येच स्त्रियांच्या पदांना स्त्रीलिंगी रूपं वापरा अशी शिफारस केली होती. आकादेमीने त्याला हरकत नाही म्हटलं २०१९मध्ये. चाळीस वर्षं. मराठीत तीन लिंगं सांभाळून मोठी झालेली मी, तिला दोनच लिंगांच्या घरात राहताना स्वतःचं लिंग सांगायचीही चोरी!

एकदाच मी प्रशिक्षणासाठी ब्रुसेल्सला दोन आठवडे होते. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या बाईंनी मला कार्यालयाचा फोन नंबर सांगितला, त्यात एक सत्त्याण्णव होता. त्या ‘नोनांत-सेत’ म्हणाल्या आणि माझं पेन पहिल्यांदा न खोडता पुढे गेलं. मी “मेर्सी, मादाम” म्हटलं, माझ्या त्या गुळण्या करून कमावलेल्या र सकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, आणि अतिशय अदबीने तोच नंबर पुन्हा सांगितला: ‘कात्र-व्हँ-दी-सेत’. माझी सोय व्हावी म्हणून. मला पॅरिसचं कळतं, तेवढंच कळतं, असा त्यांचा समज झाला असणार. सोपा आकडा हातात येऊन निसटला आणि मी कसनुसं हसून पुन्हा “मेर्सी” म्हटलं.

हे सगळं त्या रात्री आठवत होतं. गठ्ठा अजून माझ्याच पिशवीत होता, सकाळी परीक्षा विभागात द्यायचा होता. अर्धा गुण परत देऊन टाकावा म्हणून मी उठले, दिवा लावला आणि तो पेपर काढला. गुण वाढवायचा तर शेजारी सही करावी लागते, कारण लिहावं लागतं. कारण काय लिहावं या विचारात मी ती ओळ वाचली. म्हणजे पहिल्यांदाच वाचली.

पहिल्या सत्रात भूतकाळ शिकवत नाही. मुलांकडे फक्त वर्तमानकाळ असतो, ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ ही दोन क्रियापदं असतात, वय सांगायची रीत असते, नकार असतो. फ्रेंचमध्ये वय ‘असतं’ नाही, ते ‘जवळ असतं’, भाऊबहिणींसारखं. तेवढ्या सामानात तिने लिहिलं होतं:

मिल नफ साँ नोनांत-कात्रमध्ये तिच्या आईजवळ दहा वर्षं आहेत. आईजवळ तीन भाऊ आहेत. आज आईजवळ भाऊ नाहीत.

१९९४. रवांडाची राजधानी किगाली. नरसंहाराचं साल. तिथल्या लोकांच्या फ्रेंचमध्ये त्या सालाला दुसरं नाव नाही. तिच्या रूममेटच्या आईने ते कधी उच्चारलं असेल तर याच शब्दांत, असं त्या मुलीला कुणी सांगितलं नसेलही, तिने जसं ऐकलं तसं उतरवलं. आणि मी त्याभोवती गोल काढून समासात चार-वीस-चौदा असं लिहिलं होतं.

खालच्या ओळीवर माझी आणखी एक खूण होती. नकारानंतर ‘दे’ नाही, ‘द’ येतो, इथे दहातली आठ मुलं चुकतात. ‘पा द फ्रेर’, भाऊ नाहीत. तिने बरोबर लिहिलं होतं. मी तिथे बरोबरची खूण केली होती, ठसठशीत, जरा कौतुकाने लांबवलेली.

कारणाच्या जागी मी ‘शब्द प्रमाण आहे’ एवढंच लिहिलं आणि सही केली. लाल शाई खोडता येत नाही, त्यामुळे गोल तसाच राहिला, त्याच्यावर एक तिरकी रेघ आणि शेजारी अर्धा. पान आधीपेक्षा जास्तच लाल दिसत होतं.

पुढच्या तासाला मी फळ्यावर ७०, ८० आणि ९० लिहिले आणि शेजारी दोन रकाने पाडले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅम, परीक्षेला कोणतं लिहायचं?” मी म्हटलं, “कोणतंही, पण एका पेपरात एकच.” मग तिला विचारलं, “तुझी मैत्रीण चौऱ्याण्णव कसं म्हणते गं?” ती उभी राहिली. “नोनांत-कात्र”, म्हणाली. शेवटचा र जिभेच्या टोकावरचा होता. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं.